पाकीट उलटे धरा: क्रीम, तेल आणि प्रोटीन पावडरचे दावे कसे तपासावेत

डब्याची पुढची बाजू कंपनीचा जाहिरात विभाग लिहितो. मागची बारीक अक्षरे बहुतांशी कायद्याच्या धाकाने छापली जातात. म्हणून दुकानात असा किंवा मोबाइलवर, वाचायला सुरुवात मागून करायची. ऑनलाइन विक्रेत्याने मागच्या बाजूचा फोटोच दिलेला नसेल, तर ती वस्तू तिथेच सोडून द्या.

प्रत्येक वस्तूला खालच्या सगळ्या पायऱ्या लागू होणार नाहीत. अंगाचा साबण घेताना एवढा खल कशाला? पण पाचशे रुपयांच्या वरची बाटली, पोटात जाणारी कोणतीही पावडर किंवा गोळी, आणि "गोरेपणा" (किंवा त्याचा नवा अवतार "ग्लो") मिरवणारी क्रीम, या तिन्हींना सूट नाही.

पायरी १: क्रियापदावर बोट ठेवा

दावा मोठ्याने वाचा आणि क्रियापद कोणते आहे ते बघा. "सुरकुत्या कमी होतात" आणि "सुरकुत्या कमी दिसतात" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. फरक कायद्यातून आलेला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारी, सुशोभित करणारी, रूप बदलणारी वस्तू. शरीराच्या रचनेत किंवा कार्यात बदल घडवते असे म्हटले की ती वस्तू औषधाच्या व्याख्येत जाते, मग औषधाचा परवाना आणि पुरावे लागतात. त्यामुळे कंपनीचे वकील क्रियापदे मवाळ करतात: दिसतो, जाणवतो, मदत करते, साहाय्यक ठरते.

याचे सगळ्यात चलाख उदाहरण शॅम्पूच्या बाटलीवर सापडते. "केसगळती ९० टक्क्यांपर्यंत कमी" आणि शेजारी एक चांदणी. चांदणीचा माग काढत खाली गेलात की कळते: "केस तुटल्यामुळे होणारी गळती, कंडिशनर नसलेल्या शॅम्पूच्या तुलनेत." म्हणजे केस मऊ झाले, कंगव्यात अडकून कमी तुटले. मुळापासून गळणाऱ्या केसाशी त्या आकड्याचा संबंध नाही. तुमची गळती कोणती, हे घरीच बघता येते. कंगव्यातले दहा-पंधरा केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर केस मुळापासून सुटला आहे. गाठ नसेल आणि लांबी आखूड असेल तर तो मधेच तुटला आहे. पहिल्या प्रकारात शॅम्पू बदलून काही होणार नाही.

पायरी २: चांदणी, "पर्यंत" आणि टक्के

केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दाव्याचा खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात द्यायला हवा. जाहिरात मराठीत आणि खुलासा मुंगीएवढ्या इंग्रजीत असेल तर तक्रारीला तेवढेच कारण पुरते. खुलासा सापडला की चार प्रश्न विचारा: कशाच्या तुलनेत? किती जणांवर? किती दिवस? आणि मोजले यंत्राने की नुसते विचारले?

शेवटचा प्रश्न विसरू नका. "९२ टक्के महिलांना त्वचा मऊ वाटली" ही मोजणी नसून मते आहेत, आणि फुकट मिळालेली क्रीम महिनाभर लावलेल्या माणसाची मते गोडच असतात. "पर्यंत" शब्दाचे तर काय सांगावे! शंभरात एकाला ९० टक्के फरक पडला आणि बाकीच्यांना ५, तरी "९० टक्क्यांपर्यंत" हे वाक्य खोटे ठरत नाही.

नेमका आकडा दिसला की माणूस विश्वास ठेवतो, हे विक्रेत्यांना पक्के ठाऊक आहे. रीबॉकने "इझीटोन" बुटांनी नितंबांचे स्नायू २८ टक्के अधिक घडतात असे सांगितले होते. २०११ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत कंपनीला ग्राहकांच्या परताव्यासाठी २.५ कोटी डॉलर द्यावे लागले. पुढच्याच वर्षी "शेप-अप्स" बुटांबद्दल स्केचर्सला ४ कोटी डॉलर मोजावे लागले. "अठ्ठावीस" हा आकडा "बराच"पेक्षा शास्त्रीय वाटतो, एवढेच त्याचे बळ होते.

काही शब्दांवर वेळच घालवू नका. "डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड" म्हणजे त्वचेवर लावून पुरळ येते का ते पाहिले. गुण येतो का, हे त्यात येत नाही. "केमिकल-फ्री" काहीच नसते; पाणीसुद्धा रसायनच आहे. "नैसर्गिक" म्हणाल तर बिब्बाही नैसर्गिकच आहे.

पायरी ३: घटकांच्या यादीत एक टक्क्याची रेघ मारा

जरा वेळ खाणारी, पण सगळ्यात फायद्याची पायरी हीच. भारतात सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या प्रमाणात छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. खाच आहे ती इथे.

रेघ कुठे मारायची हे सांगणारा एक खबरी बहुतेक यादीत असतो: फिनॉक्सिइथेनॉल. हे टिकाऊपणासाठी घालतात आणि त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. म्हणजे त्याच्यानंतर जे जे लिहिले आहे, ते सगळे एक टक्का किंवा त्याच्या आत. समजा क्रीमच्या पुढच्या बाजूला केशराचे मोठे चित्र आहे आणि यादी अशी आहे: पाणी, ग्लिसरिन, नायसिनामाइड, सेटिअरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, फिनॉक्सिइथेनॉल, झँथन गम, केशराचा अर्क, हळदीचा अर्क, सुगंध. ही नायसिनामाइडची (व्हिटॅमिन बी ३ चे एक रूप) क्रीम झाली. केशर चित्रापुरते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. रेघेच्या खालचे सगळे थोडे आहे, एवढेच यातून ठरते. वरचे सगळे भरपूर आहे असे नाही, कारण थोड्या प्रमाणातला घटक फिनॉक्सिइथेनॉलच्या आधीही बसवता येतो. दुसरे, काही घटक कमी प्रमाणातच काम करतात. रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चे एक रूप) यादीत खाली दिसले म्हणून क्रीम फेकू नका.

टक्केवारी छापलेली असेल तर या आकड्यांशी ताडून बघा: नायसिनामाइड २ ते ५, सॅलिसिलिक अॅसिड ०.५ ते २, व्हिटॅमिन सी (एल-अॅस्कॉर्बिक अॅसिड या रूपात) १० ते २०. नायसिनामाइड १० टक्के म्हणजे दुप्पट गुण नाही. अनेकांना त्याने नुसती आग होते. व्हिटॅमिन सीचे पारदर्शक द्रावण विटकरी-तपकिरी झाले असेल तर ते हवेने बाद झाले आहे, तारीख काहीही असो. आणि कोलॅजन क्रीम? त्वचेच्या वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप) मोठा रेणू सहसा आत जात नाही, कोलॅजनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा. ते वर बसून ओलावा धरते, जे काम ग्लिसरिन चार पैशांत करते.

तेलांची गंमत वेगळी. "कांद्याचे तेल" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांवर लॅटिन नाव निगेला सॅटायव्हा असते. ती कलौंजी. इंग्रजीत तिला काळे कांदाबी म्हणायची पद्धत आहे, पण कांद्याशी तिचे काडीचे नाते नाही. खरा कांदा म्हणजे अॅलियम सेपा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसे. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेतलेल्या तेलावर "दर १० मिलीमध्ये" असे लिहून वनस्पतींची मिलिग्रॅममध्ये यादी असते आणि शेवटी एखाद्या तेलापुढे "क्यू.एस." दिसते. क्यू.एस. म्हणजे "बाकी लागेल तेवढे". सगळ्या वनस्पतींचे मिलिग्रॅम जोडा. बेरीज ३०० आली तर १० मिलीतला जवळजवळ सगळा भाग साधे खोबरेल किंवा तिळाचे तेल आहे, आणि किंमत त्याच्याशीच ताडायची.

पायरी ४: आठवड्यात गोरे करणारी क्रीम

इथे प्रश्न पैसे वाया जाण्याचा नाही, मूत्रपिंडाचा आहे.

क्रीममध्ये नकळत उतरणारा पारा दहा लाखांत एक भाग एवढाच चालतो. तरी पारा मुद्दाम घातलेल्या क्रीम बाजारात येतात, कारण तो त्वचेचा रंग तयार होण्याची क्रिया थांबवतो आणि फरक झपाट्याने दिसतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरातल्या आईला आणि दोन मुलींना अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे उघड झाले. तपास मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मधले रुग्ण तपासले, तेव्हा एका विशिष्ट प्रकारच्या मूत्रपिंडदाहाच्या १५ रुग्णांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

दुसरा चोर म्हणजे स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव ट्यूबवर असेल तर ते औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. चेहऱ्यावर ती महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या आणि लव वाढते. लावणे थांबवले की चेहरा लालभडक होऊन आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. मैत्रिणीने सांगितले म्हणून ती सुरू करू नका, आणि बरेच महिने लावून झाली असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला विचारून टप्प्याटप्प्याने बंद करा.

अशी क्रीम ओळखायच्या खुणा: उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक नाही, परदेशी लिपीतला डबा, पण आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक नाही, पार्लरमध्ये सुट्या डबीत भरून दिलेली, सात-दहा दिवसांत ठळक फरक. "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका" अशी सूचना असेल तर पाऱ्याचाच संशय घ्या, तो धातूंशी संयोग पावतो. वापर झालेला असेल आणि लघवीला फेस येत असेल, सकाळी डोळ्यांभोवती किंवा संध्याकाळी पायांवर सूज दिसत असेल, तर लघवीतल्या प्रथिनांची तपासणी त्याच दिवशी करून घ्या आणि डबी डॉक्टरांना दाखवा. फेकू नका.

पायरी ५: कॅलेंडर हातात घ्या

केसांच्या उत्पादनांचे निम्मे यश कॅलेंडरमध्ये आहे. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा उपासमारीचे डाएट यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. माणूस घाबरून तेल किंवा गोळ्या आणतो. ही गळती मूळ कारण गेल्यावर साधारण तीन ते सहा महिन्यांत आपोआप थांबते. बाटलीवर काय लिहिलेले असते? "९० दिवसांत फरक." कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि पंचतारांकित अभिप्राय कावळ्याला जातो. म्हणून अभिप्राय वाचताना त्या माणसाची गळती कधी आणि कशाने सुरू झाली होती ते शोधा. बहुतेक वेळा लिहिलेलेच नसते.

केस महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, आणि दिवसाला ५० ते १०० केस जाणे हे सामान्य आहे. महिन्यात चार इंच वाढीचा दावा या एका आकड्यावर निकालात काढा.

बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या-गमींबद्दल थोडे अधिक. प्रौढाची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम आहे, गमीत सर्रास ५,००० ते १०,००० असतात. कमतरता नसलेल्याला त्यातून केस मिळाल्याचा भक्कम पुरावा नाही. उलट एवढा डोस रक्त तपासणीत घोळ घालतो: थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात, हृदयविकारात बघितले जाणारे ट्रोपोनिन खोटे कमी दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. तपासणीला जाताना गमी घेतल्याचे लॅबला आणि डॉक्टरांना सांगा.

पायरी ६: प्रोटीन पावडरचा हिशेब

पेन काढा. डब्यावरचे दोन आकडे लागतात: एका स्कूपचे वजन आणि त्यातले प्रोटीन. ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम म्हणजे २४ भागिले ३३, सुमारे ७३ टक्के. व्हे कॉन्सन्ट्रेटसाठी (दुधाच्या निवळीपासून केलेली पावडर) हे ठीक. वजन वाढवण्यासाठीच्या "मास गेनर"मध्ये १०० ग्रॅमला १५ ग्रॅम निघाले तर उरलेले बहुतांशी माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे महागडी पिठूळ साखर.

मग ग्रॅमचा भाव काढा. किलोचा डबा २,४०० रुपयांना असेल तर त्यात ७२७ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ग्रॅमला ३ रुपये ३० पैसे. सोयाबीनच्या वड्यांमध्ये १०० ग्रॅमला सुमारे ५२ ग्रॅम प्रोटीन असते. १५० रुपये किलोने घेतल्या तर ग्रॅमला २९ पैसे. पावडर घेऊच नये असे नाही, सोय आहे तिची. पण सोयीचे किती मोजतो ते माहीत असावे. गरजही मोजा: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. नियमित वजने उचलणाऱ्याला किलोमागे १.४ ते २ ग्रॅम.

आता भेसळ. प्रयोगशाळा सहसा प्रोटीन थेट मोजत नाही. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणते. त्यामुळे ग्लायसिन, टॉरिन, क्रिएटिनसारखी स्वस्त नायट्रोजनयुक्त पूड घातली की कागदावर प्रोटीन वाढते. घटकांत ही नावे सुटी दिसली, किंवा "प्रोप्रायटरी ब्लेंड" म्हणून प्रमाणे झाकली, तर अमिनो अॅसिडचा तक्ता बघा. चांगल्या व्हेच्या २५ ग्रॅम प्रोटीनमध्ये ल्यूसिन हे अमिनो अॅसिड अडीच ग्रॅमच्या आसपास असते. दीडवर अडकले असेल किंवा तक्ताच नसेल तर दुसरा डबा बघा. २०२४ मध्ये "मेडिसिन" या नियतकालिकात भारतातल्या ३६ पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्क्यांच्या लेबलवरचा प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला, काहींत निम्मेच होते.

डब्यावरचा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक त्यांच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर टाकून नाव आणि पत्ता जुळतो का ते बघा. जुळला तरी लक्षात असू द्या, तो धंद्याचा परवाना आहे. तुमच्या हातातला डबा कोणी तपासला असा त्याचा अर्थ नाही. "नॉट फॉर मेडिसिनल यूज" असे छापलेल्या पावडरीबद्दल विक्रेता मधुमेह किंवा सांधेदुखी बरी होईल म्हणाला, तर तो त्याच्याच डब्याविरुद्ध बोलतो आहे.

पायरी ७: घाम म्हणजे चरबी नव्हे

एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० किलोकॅलरी असतात. "१० दिवसांत ५ किलो" म्हणजे ३८,५०० ची तूट, दिवसाला ३,८५०. एवढे बहुतेक लोक दिवसभरात खातही नाहीत, मग वाचवणार कुठून? काटा खाली जातो तो पाण्यामुळे. सॉना बेल्ट (पोटाला गुंडाळून घाम काढणारा पट्टा) विकत घेण्याआधी कोणाचा तरी मागून आणा: वापरण्यापूर्वी वजन करा, नंतर करा, दोन पेले पाणी पिऊन जेवा आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी करा. बेल्टने जे नेले ते पाण्याने परत आणलेले दिसेल. पोटाला गुंडाळल्याने पोटाचीच चरबी जाते, असेही शरीरात होत नाही.

चरबी "जाळणाऱ्या" गोळ्यांना जास्त घाबरा. अशा "हर्बल" गोळ्यांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध सापडल्याची उदाहरणे जगभर आहेत. हृदयाच्या धोक्यामुळे ते २०१० मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मागे घेतले गेले, भारतातही त्यावर बंदी आहे. गोळी घेऊन छाती धडधडते, झोप उडते, तोंड कोरडे पडते, यालाच विक्रेता "असर" म्हणतो. लठ्ठपणा घालवणाऱ्या किंवा उंची वाढवणाऱ्या औषधाची जाहिरात करणे हाच १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याखाली गुन्हा आहे.

पायरी ८: फोटो आणि शिफारस करणारे

"आधी-नंतर"च्या फोटोंत चेहरा बघू नका, नाकाखालची सावली बघा. सावलीची दिशा बदलली तर दिवा हलला आहे. टक्कल वरून येणाऱ्या उजेडात मोठे दिसते आणि समोरच्या उजेडात झाकले जाते. ओले केस विरळ दिसतात, कोरडे दाट. पोट सोडून आणि श्वास आत ओढून काढलेल्या दोन फोटोंमध्ये कधी कधी पाच मिनिटांचेच अंतर असते.

शिफारस करणाऱ्याने सवलतीचा कोड दिला असेल तर त्याला कमिशन आहे असे समजूनच ऐका. पैसे घेतले असतील तर ते ठळक सांगणे २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेच्या नियमात आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणारी शिफारस केल्यास १० लाख रुपयांपर्यंत दंड आणि वर्षभर शिफारसबंदी होऊ शकते.

पायरी ९: घरची चाचणी

सगळे तपासून वस्तू घेतलीच, तर सगळ्यात लहान आकाराची घ्या. पहिले सात दिवस कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, एकाच जागी लावा. एकदा लावून उद्या बघणे पुरत नाही, अॅलर्जी उमटायला दिवस लागतात. मग अर्ध्या चेहऱ्याची युक्ती: आठ आठवडे फक्त डाव्या बाजूला लावा, उजवीकडे नेहमीचेच चालू ठेवा. दर रविवारी त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढा. शेवटी घरातल्या कोणाला तरी न सांगता विचारा, कोणती बाजू बरी दिसते? उत्तर डळमळले तर तो तुमचा निकाल. या काळात दुसरे नवे काहीही सुरू करायचे नाही, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही.

सनस्क्रीनला ही युक्ती लावू नका, अर्धा चेहरा उगाच काळवंडेल. तिथे एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारी) किरणे अडवते, एवढाच फरक. चूक होते ती मात्रेत. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढी रेघ लागते. वाटाण्याएवढी लावली तर डब्यावरच्या आकड्याच्या जवळपासही संरक्षण मिळत नाही.

पायरी १०: तक्रार

आधी पुरावा गोळा करा: जाहिरातीचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट, डब्याच्या सर्व बाजूंचे फोटो, बिल, बॅच क्रमांक. ऑनलाइन जाहिराती तासाभरात नाहीशा होतात, म्हणून स्क्रीनशॉट सर्वांत आधी. फसवा दावा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जाहिरातीच्या मजकुराबद्दल मुंबईतल्या जाहिरात मानक परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क नाही. परवाना नसलेली क्रीम किंवा संशयास्पद पावडर महाराष्ट्रात विकली जात असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. उरलेली क्रीम झाकण घट्ट लावून तशीच ठेवा. नमुना मागितला तर तीच द्यावी लागेल.